पहिला कुर्ता कोणत्या कापडाचा?

प्रश्न : नवीन शिलाई मशीन घेतलं आहे. पहिला कुर्ता जॉर्जेटचा शिवू का?

उत्तर : जॉर्जेट सध्या नको. ते कात्रीखाली सरकतं, कडेचे धागे सुटतात. सुती पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या. बेतण्याआधी ते रात्रभर भिजवा, वाळवून इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग शिवलेला कुर्ता तोकडा होतो. कुर्त्याची उंची कापडाच्या काठाला समांतर धरा. उभ्या धाग्यावर कापड फारसं ताणत नाही, उरेब मात्र चांगलंच ओढलं जातं. म्हणून तर गळ्याची पट्टी उरेब कापायची, वळणावर ती चुणी न पडता बसते. सुई १४ नंबरची लावा. टाके सुटू लागले की पुष्कळ जणी आधी टेन्शनचा स्क्रू फिरवतात. कृपा करून आधी सुई बदलून पाहा.