गोठ्यात खाचा, खळ्यावर घोटाई : घराभोवतीचा काँक्रीटचा कोबा



घरापुढचे अंगण, खळे आणि गोठा या तिन्ही जागा पूर्वी मुरूम चोपून शेणाने सारवल्या जात. आता ऊस किंवा कांद्याचे चार पैसे हाती आले की पहिले काम निघते ते कोब्याचे. गवंडी एकच असतो आणि तो तिन्ही जागा एकाच पद्धतीने, सिमेंटचा रवाळ लेप देऊन, आरशासारख्या घोटून देतो. पाहिले की छान वाटते. पुढे पावसाळ्यात शेण-मुताने तोच कोबा निसरडा होतो, म्हैस उठताना मागचे पाय फाकतात आणि जनावर खाली बसते ते उठतच नाही. खुब्याचा सांधा निखळलेल्या जनावराचे पुढे काय होते हे आपणांस सांगावयास नको. एका चांगल्या दुभत्या गाईची किंमत सबंध गोठ्याच्या कोब्यापेक्षा जास्त असते, हे काम काढण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

खळ्यावर धान्य, हळद वाळवायची असते, तेथे गुळगुळीत कोबा हवा, कारण खाचांत दाणे अडकतात व झाडणे अवघड जाते. अंगणात माणसांचा वावर असतो, तेथे खरखरीत किंवा छापाचा पृष्ठभाग चांगला. गोठ्यात मात्र खाचा पाडल्याच पाहिजेत. या फरकासाठी सिमेंटची एकही गोणी जास्त लागत नाही. फरक पडतो तो काँक्रीट ओतल्यानंतरच्या दोन-तीन तासांत आपण काय करतो यामुळे.

थंड देशांतील छापाचे काँक्रीट

कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात घराभोवतीच्या वाटा आणि अंगणे अशा छापाच्या काँक्रीटची करण्याची पद्धत आहे. ओल्या काँक्रीटवर रबरी साचे दाबून दगडी फरशीची किंवा विटांची नक्षी उठवतात. मुलाकडे किंवा मुलीकडे तिकडे जाऊन आलेल्यांनी ती पाहिली असेल. तेथे खरा शत्रू म्हणजे बर्फ. काँक्रीटच्या छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. म्हणून तेथे मिश्रणात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे धरून ठेवणारे रसायन घालतात, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळते. बर्फ वितळवण्यासाठी वाटेवर मीठ टाकल्यास नुकसान आणखी वाढते, म्हणून नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नये असे तेथे सांगतात. आपल्याकडे हे रसायन विकत घेण्याचे कारण नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र आपल्या उपयोगाची आहे. थंड प्रदेशात जमिनीतील ओल गोठते, जमीन वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर काँक्रीटही उचलले जाऊन फुटते. आपल्याकडे हेच काम काळी माती करते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा कोबा एकदा वर, एकदा खाली होतो. कोब्याला तडे गेले की आपण सिमेंटला नावे ठेवतो, पण दोष बहुधा खालच्या मातीचा असतो. उपायही दोन्हीकडे एकच आहे : पाण्याचा निचरा होणारा भक्कम थर.

खालचा थर

काळ्या जमिनीत निदान दीड ते दोन फूट माती काढून टाकावी. त्या जागी कठीण मुरूम ६-६ इंचांच्या थराने भरावा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने चोप द्यावा. एकदम दोन फूट मुरूम टाकून वरून चोपला तर वरचा अर्धा फूट तेवढा दबतो. त्यावर ६ इंच दगडाचे सोलिंग करून सांधे बारीक मुरमाने भरावेत. माळरानाच्या मुरमाड जमिनीवर इतका खटाटोप लागत नाही. वरची भुसभुशीत माती खरवडून सोलिंग केले तरी चालते.

उतार सोलिंगमध्येच काढावा, काँक्रीटची जाडी कमी-जास्त करून नव्हे. गोठ्यात जनावर उभे राहण्याची जागा सुमारे ५ फूट लांब असते. गव्हाणीकडून मूत्रवाहिनीकडे तेवढ्या अंतरात १ ते दीड इंच उतार पुरे. जास्त उतार दिल्यास जनावराचा भार सतत मागच्या पायांवर येतो. अंगणाचा उतार भिंतीपासून बाहेर असावा आणि भिंत व कोबा यांत अर्धा इंच फट ठेवून ती डांबर-वाळूने भरावी, कारण कोबा हलला तरी घराची भिंत त्याच्याबरोबर हलू नये.

मिश्रण आणि पाणी

जनावरे, माणसे व बैलगाडी यांसाठी ४ इंच जाडी आणि १:२:४ प्रमाण ठीक आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली अंगणात येणार असेल तर जाडी ६ इंच आणि प्रमाण १:१॥:३ घ्यावे. ३०० चौरस फूट जागेत ४ इंच जाडीचे काँक्रीट म्हणजे बरोबर एक ब्रास. त्यासाठी १:२:४ प्रमाणात सुमारे १८ गोण्या सिमेंट, ४५ घनफूट वाळू आणि ९० घनफूट खडी लागते. सध्या बहुतेक ठिकाणी नदीच्या वाळूऐवजी क्रशरची वाळू मिळते. ती वापरण्यास हरकत नाही, मात्र तिच्यात भुकटी फार असल्यास पाणी जास्त लागते व पृष्ठभाग कच्चा राहतो. माप घमेल्याने न घेता १ फूट लांब, १ फूट रुंद व १५ इंच उंच असा लाकडी फरमा करून घ्यावा. त्यात बरोबर एक गोणी सिमेंट मावते.

पाणी किती घालावे यावर गवंड्याशी थोडा वाद होईल, तो करावा. पातळ काँक्रीट पसरायला सोपे जाते म्हणून कामगार पाणी वाढवतात. काँक्रीटसंबंधीच्या भारतीय मानक ४५६ मध्ये ५० किलोच्या एका गोणीस १:२:४ साठी जास्तीत जास्त ३२ लिटर आणि १:१॥:३ साठी ३० लिटर पाणी धरले आहे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. अशा कोब्यावर पाडलेल्या खाचांच्या कडा वर्षभरात झिजून जातात.

सगळी जागा एका अखंड लादीसारखी ओतू नये. ८ ते १० फुटांच्या चौकडी पाडून एकाआड एक ओताव्यात, मधल्या चौकडी दुसऱ्या दिवशी भराव्यात. काँक्रीट वाळताना आकसणारच. ते सांध्यात आकसले तर दिसत नाही.

खाचा पाडण्याची वेळ

काँक्रीट पसरून, ठोकून, पट्टीने सारखे केले की काही वेळाने वर पाणी सुटते. या वेळी हात लावू नये. पाणी लवकर सुकावे म्हणून त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची आपल्या गवंड्यांची सवय आहे, ती मोडून काढावी. त्यामुळे वर पातळ, कमजोर साय तयार होते आणि पुढे तीच पापुद्र्यासारखी सुटते. पाणी आपोआप जिरले, पृष्ठभागाची चमक गेली की लाकडी रंध्याने एकदा फिरवून घ्यावे.

आता अंगठा दाबून पाहावा. अंगठा पाव इंचाच्या आसपास रुततो, ठसा स्वच्छ उमटतो आणि बोटाला लगदा चिकटत नाही, ही छापाची वेळ. त्याआधी दाबल्यास खाच पुन्हा मिटते, उशीर झाल्यास कडा तुटतात. उन्हाळ्यात ही वेळ तासाभरातच येऊन निघूनही जाते, म्हणून त्या दिवसांत काँक्रीट दुपारी चारनंतर ओतावे. थंडीत उलट होते. निफाड परिसरातील द्राक्ष बागायतदारांना जानेवारीतील पहाटेचा पारा ५ अंशांच्या खाली गेलेला ठाऊक आहे. इतक्या थंडीत सिमेंट घट्ट होण्याची क्रिया अतिशय मंदावते. अशा वेळी सकाळी ऊन आल्यावर काम सुरू करावे, म्हणजे दुपारपर्यंत छाप पाडून होतो, आणि रात्री त्यावर कडबा किंवा कोरडी गोणपाटे पसरावीत.

गोठ्यासाठी साचा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो. २ फूट बाय २ फूट चौकटीत १२ मिलिमीटरच्या सळया ४-४ इंचांवर तिरप्या, दोन्ही दिशांनी जोडाव्यात आणि वर धरायला दोन मुठी. हा साचा दाबला की शंकरपाळ्यासारखी नक्षी उठते. खाच अर्धा इंच रुंद व तितकीच खोल हवी. नक्षी तिरपी का, असे आपण विचाराल. खाचा केवळ उताराच्या दिशेने काढल्या तर मूत वाहून जाते, पण जनावराचा पाय त्याच दिशेने मागे घसरतो. केवळ आडव्या काढल्या तर खूर अडतो, परंतु मूत साचून राहते. शंकरपाळ्यात दोन्ही साधते. आणि अंतर ४ इंच अशासाठी, की जनावराने पाय कोठेही टेकला तरी खुराखाली एखादी खाच यावी. साच्याला काळे तेल फासून कामाचा नाश करू नये. साबणाच्या पाण्यात बुडवून काढला तरी चिकटत नाही.

साचा उचलल्यावर खाचांच्या कडांना थोडे काँक्रीट वर येते. ते रंध्याने हलके दाबून बसवावे. राहून गेलेल्या धारदार कडा पक्के झाल्यावर विटेने किंवा दगडाने घासून काढाव्यात, नाहीतर खुरांना जखमा होतात.

अंगणात इतके खोल काही नको. खराट्याने एका दिशेला ओढलेल्या रेघाही पुरतात. हौस असेल तर काथ्याची दोरी ताणून, दाबून चौकोन पाडावेत किंवा पाइपच्या तुकड्याने गोल उमटवावेत. गाडी चढवण्याच्या उतारावर आपले गवंडी वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत. परदेशी रबरी साच्याचे तत्त्व याहून निराळे नाही. ट्रॅक्टरच्या उतारावर मात्र खाचा चढाला आडव्याच असाव्यात.

पाणी मारणे

बाजारात मिळणारे सिमेंट बहुधा राखमिश्रित असते. त्याला निदान १० दिवस आणि उन्हाळ्यात १४ दिवस सतत ओल हवी. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून पाणी शिंपडणे म्हणजे ओल नव्हे. खळ्यावर गव्हाला करतो तसे मातीचे वाफे करून पाणी भरावे. उताराच्या गोठ्यात व छापाच्या अंगणात वाफ्याची माती खाचांत बसते, तेथे ओली गोणपाटे अंथरावीत व ती वाळू देऊ नयेत. विहिरीला पाणी नसेल तर पाण्याची सोय होईपर्यंत कोबा पुढे ढकलावा.

जनावरे आत बांधण्याची घाई नको. नव्या काँक्रीटमधील चुन्याच्या अंशाने ओले खूर मऊ पडतात व सोलवटतात. २८ दिवस थांबावे, दोन-तीनदा खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवावे आणि पहिले काही आठवडे उसाचे पाचट किंवा भुसा अंथरावा.

ज्यांचा गोठा आधीच घोटून झाला आहे त्यांनी कोबा उखडू नये. काँक्रीट कापण्याचे यंत्र भाड्याने मिळत असल्यास त्याने तिरप्या खाचा कापून घ्याव्यात. ते नसल्यास छिन्नी-हातोडीने टाचे मारावेत. सुरुवात मागच्या पायांच्या जागेपासून आणि दारातून गव्हाणीपर्यंत जनावर ज्या वाटेने चालते तेथून करावी. हे काम पावसाळा लागण्यापूर्वी, जनावरे बाहेर बांधता येतात तोवर उरकावे.