शेत कोणाचे आणि कर्ज किती वर्षांचे?

वाचन: लेवीय 25, अनुवाद 15:1–11, नहेम्या 5:1–13

लेवीय 25 वाचताना आपले लक्ष बहुधा रणशिंगाकडे आणि मुक्तीच्या घोषणेकडे जाते. या वेळी 15 आणि 16 ही वचने सावकाश वाचा. तिथे चक्क हिशोब आहे. शेत विकायचे तर पुढच्या योबेल वर्षापर्यंत किती पिके निघतील त्यावर किंमत ठरवायची. तीस वर्षे उरली असतील तर तीस पिकांची, तीनच उरली तर तिनांची. म्हणजे जमीन विकली जातच नाही, पिके विकली जातात. आपल्या भाषेत हे खरेदीखत नव्हे, खंडाने देणे झाले. पन्नासाव्या वर्षी शेत मूळ कुटुंबाकडे परत.

हे नियमशास्त्र भोळे नाही. सातवे वर्ष जवळ आले की धनको हात आखडता घेईल, हे अनुवाद 15:9 ला आधीच ठाऊक आहे. पुढे तसेच झाले. कर्जमाफीच्या भीतीने गरिबाला कर्जच मिळेना, तेव्हा हिल्लेल या धर्मगुरूच्या नावाने ओळखली जाणारी तोड निघाली: कर्जाचे कागद न्यायसभेकडे सोपवायचे, म्हणजे सातव्या वर्षीही वसुली चालू राहते. गरिबाला पैसा मिळाला, माफी मात्र कागदावर राहिली.

आता आपल्या मातीतले पाहा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारात जमले. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि चोपड्यांवर. ते कागद जाळले गेले आणि दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता मूळ व्यवहारापर्यंत जाऊन हिशोब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. मग सावकारांनी काय केले? गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. हिल्लेलचा हेतू निराळा होता, पण कायद्याला वळसा कसा पडतो हे दोन्हीकडे दिसते.

इथपर्यंत वाचून नियमशास्त्राचे कौतुक वाटणे साहजिक आहे. पण अध्याय पुढे वाचा. 44 ते 46 या वचनांत परक्या लोकांतून घेतलेले दास कायमचे ठेवण्याची, मुलांना वारशाने देण्याची मुभा आहे. त्यांच्यासाठी योबेलचे रणशिंग वाजत नाही. अनुवाद 23:20 परक्याकडून व्याज घेऊ देते. आणि जी जमीन मूळ कुटुंबाला परत करायची, ती त्या कुटुंबाला कनानी लोकांना हटवून मिळाली होती, हेही त्याच ग्रंथात आहे. हे झाकून केलेला अभ्यास प्रामाणिक नाही असे मला वाटते. सुप्यातही राग मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजर सावकारांवर गेला. आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्या मजुराला जाळायला कागदही नव्हता.

म्हणून नहेम्या 5 मला अधिक जवळचे वाटते. तिथे शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकणारे लोक आणि त्यांच्या बायका उघड आक्रोश करतात. मुली दासी होऊ लागल्या आहेत. आणि धनको परका नाही, भाऊबंदच आहे. नहेम्या पन्नासाव्या वर्षाची वाट पाहत नाही. आपण आणि आपली माणसेही कर्ज देत आहोत, हे तो सर्वांसमोर बोलून दाखवतो. मग शेते व घरे आजच परत करा म्हणतो, व्याजासकट, आणि याजकांसमोर शपथ घ्यायला लावतो.

आपल्या संगतीत कोणाचे शेत अशा ‘खरेदीत’ गेले असेल तर हे जाणून ठेवा: महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 नुसार, सावकाराने कर्जाच्या तारणापोटी घेतलेली जमीन खतावर विक्री म्हणून लिहिली असली, तरी जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत देण्याचा आदेश देऊ शकतात. मुदत अर्जाच्या आधीची पंधरा वर्षे. अशा कुटुंबासोबत बसाल तेव्हा नहेम्याच्या आधी खत उघडा आणि त्यावरची तारीख पाहा.