काडतुसाला चरबी कशाला? ठासणीच्या बंदुकीची नळी आणि तिची सफाई



आठवीला १८५७ चा लढा शिकवताना चरबीच्या काडतुसांचा उल्लेख येतोच. गायीची आणि डुकराची चरबी, काडतूस दातांनी तोडणे, शिपायांचा संताप, एवढे मुलांना चटकन पाठ होते. पण "सर, मुळात चरबी लावायचीच कशाला?" असा प्रश्न आला की आपण बहुतेक जण "ओल लागू नये म्हणून" असं सांगून पुढे जातो. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं बंदुकीच्या नळीत आहे.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. मागचं टोक बंद. आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. म्हणजे प्रत्येक गोळीला अख्खी नळी उतरून जावं लागतं, आणि त्या वाटेवर आधीच्या बाराची घाण बसलेली असते.

ही घाण येते कुठून? काळ्या दारूत साधारण ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. मुलांना वाटतं, दारू उडाली म्हणजे संपली. प्रत्यक्षात वजनाने निम्म्याहून जास्त दारू घन रूपातच उरते. त्यातली काही धुरावाटे बाहेर पडते, बाकीची नळीला चिकटते. तिच्यात पोटॅशियमचे क्षार असतात. कोरड्या हवेत त्यांची कडक खपली धरते. दमट हवेत हेच क्षार पाणी ओढून घेतात आणि लोखंडाला गंज चढवतात. दोन्हीकडून नुकसानच!

आता फळ्यावर दशांश अपूर्णांकांची एक वजाबाकी घ्या. कंपनीच्या फौजेत आधी ब्राउन बेस ही गुळगुळीत नळीची बंदूक होती. नळी ०.७५ इंच, गोळी साधारण ०.६९ इंच. फरक ०.०६ इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. गोळी सैल, त्यामुळे थोडी घाण साचली तरी ती खाली जायची. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड आली ती मात्र रायफल, आतून तीन पिळदार खोबणी असलेली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. फरक किती? ०.००९ इंच, पाव मिलिमीटरसुद्धा नाही! एवढ्या फटीत खपली धरली की पुढची गोळी वाटेतच अडकणार. तशी अडकून खालच्या दारूत आणि तिच्यात पोकळी राहिली आणि बार उडवला, तर नळीच फुटू शकते.

म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी. ती खपली मऊ ठेवते, आणि खाली जाणारी प्रत्येक गोळी नळी थोडीफार पुसत जाते. लढाईत हातात फडकं घेऊन बसायला वेळ नसतो, ती सफाई काडतुसानेच करायची अशी ही योजना. पुढे शिपायांनी स्वतःच तेल-मेण किंवा तूप लावावं, कागद दातांऐवजी हाताने फाडावा, अशा सवलती दिल्या गेल्या. पण विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे आणि १० मे रोजी मेरठ, हे आपण शिकवतोच. माझ्या मते चरबीचं हे कारण कळल्यावर मुलांना तो संताप जास्त कळतो. ज्या वस्तूला पर्याय होता, ती लादण्याआधी शिपायांना विचारावंसं कोणाला वाटलं नाही.

लढाई नसताना नीट सफाई कधी करायची? शक्यतो त्याच दिवशी. रात्रभर ठेवली की पावसाळी हवेत सकाळी गंज दिसू लागतो. बार चालू असतानासुद्धा मधूनमधून ओलसर फडकं फिरवतात. त्याने घाण निघते आणि एखादी धुमसती ठिणगी राहिली असेल तर तीही विझते.

पद्धत साधी आहे. टोपी बसवायची छोटी नळी काढायची, बंदुकीच्या नळीचं मागचं टोक गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि गजाला घट्ट फडकं गुंडाळून वरखाली करायचं. अगदी पिचकारीसारखं. पाणी कानातून (म्हणजे बत्तीच्या भोकातून) आत येतं आणि काळंकुट्ट होऊन बाहेर पडतं. पाणीच का? तर क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. गरम का? नळी तापते आणि पटकन वाळते. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं, मग कोरडी फडकी, शेवटी तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फडकं फिरवून बघायचं, तांबूस डाग आला तर परत धुवायचं. आणि पुढच्या वेळी दारू भरण्याआधी हे तेल पुसून काढायचं, नाहीतर काजळीत मिसळून त्याचं डांबर होतं.

पालकांसाठी एक गोष्ट, विशेषतः कोकणातल्या. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अजूनही काही घरांत असते. आजोबांच्या वेळची, भिंतीवरची बंदूक "रिकामीच आहे" असं कोणीही सांगो, ती भरलेलीच समजा. मुलांना हात लावू देऊ नका. जाणकार माणूस घोड्याखाली टोपी नाही हे आधी बघतो, नळीचं तोंड कोणाकडेही आणि स्वतःकडेही न करता गज आत सोडतो, नळीच्या तोंडाशी गजावर खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघतो. तो बत्तीच्या भोकापर्यंत पोचायला हवा. चार बोटं कमी पडला तर आत काहीतरी आहे. मग स्वतः खटपट न करता परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला किंवा पोलीस ठाणे.

वर्गात यासाठी बंदूक लागत नाही आणि दारू तर मुळीच नको, फटाक्यातलीसुद्धा. तीन लोखंडी खिळे आणि मीठ पुरे. तिन्ही खिळे मिठाच्या पाण्यात बुडवा. पहिला तसाच ठेवा, दुसरा नुसता कापडाने पुसा, तिसरा गरम पाण्याने धुऊन, वाळवून तेल लावा (गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं). दोन दिवसांनी मुलांना निरीक्षण लिहायला सांगा. दुसऱ्या खिळ्यावर जास्त वेळ थांबा, कारण तो पुसला तेव्हा मुलांना अगदी स्वच्छ दिसलेला असतो.