कॅमेरा नंतर घ्या, आधी हिशेब बघा : कोल्हापुरात फोटोग्राफी शिकण्याचा खर्च

पहिले तीन महिने तुम्हाला कॅमेरा लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो. खर्च म्हणाल तर गाडीचं पेट्रोल, सकाळचा चहा आणि महिन्याअखेरीला काढायचे दहा-बारा प्रिंट. सगळं मिळून साधारण हजाराच्या आत. दुकानदार, क्लासवाले आणि नुकताच कॅमेरा घेतलेला तुमचा दोस्त, तिघंही वेगळं सांगतील. ऐकून घ्या, पण पाकीट काढू नका.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ मोड शोधा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो. त्यात आयएसओ आणि शटर स्पीड हाताने बदलता येतो. अपर्चर बहुतेक फोनमध्ये ठरलेलं असतं, बदलत नाही. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी फुकटात शिकता येतात. फोनमध्ये प्रो मोड नसेल तर तो देणारी अ‍ॅप्स मिळतात. मात्र ‘सात दिवस मोफत’ म्हणत कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागणारं अ‍ॅप दिसलं की मागे फिरा. आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कटतात आणि ते परत मिळवण्यात तुमचा महिना जातो. फोटो सुधारायला स्नॅपसीड पुरेसं आहे, त्याला एक रुपया लागत नाही. लॅपटॉपवर काम करायचं असेल तर डार्कटेबल मोफत आहे. महिन्याच्या वर्गणीचं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी घेऊ नका.

सरावाला कुठे जाल?

लांब जायची गरज नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी असते आणि धार थेट ग्लासात पडते. उजेड जेमतेम बल्बचा. इथे शटर स्पीड एका बैठकीत समजतो. एक पंधरांश सेकंदाला धार म्हणजे नुसता पांढरा पट्टा दिसतो. एक पाचशांश सेकंदाला तीच धार सुटी होते, फेसाचे थेंबही मोजता येतात. पण फोटो काळा पडतो. मग आयएसओ वाढवावा लागतो आणि दाणे दिसू लागतात. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा हाच नवशिक्याचा निम्मा अभ्यासक्रम. इथली फी एक ग्लास दूध. गवळ्याला विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि फ्लॅश अजिबात मारू नका; म्हैस बिथरली तर नुकसान त्याचं होतं.

संध्याकाळी रंकाळा. मावळतीकडे कॅमेरा धरला की आकाश पांढरं फटक पडतं. एक्स्पोजर उणे एकवर न्या, रंग परत येतात. रविवारी जाऊ नका, फोटोत गर्दीच येईल.

तालमीत जायचं तर गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत आधी वस्तादांना भेटा. चपला बाहेर. हौद्याजवळ लेन्स बदलू नका. लाल मातीची धूळ सेन्सरवर बसली की स्वच्छ करायला हजार-दीड हजार जातात.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. करवीर, पन्हाळा, कागल, कुठेही गावाबाहेर धूर दिसला की गाडी थांबवा. काहिलीवरची वाफ लेन्सवर बसते आणि फोटो धुरकट येतो. थंडीतून आल्यावर पाचेक मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका, आतल्या उबेशी जुळू द्या. काहिलीच्या कडेला उभं राहायचं नाही, उकळता रस अंगावर उडतो. गुळव्या सांगेल तिथेच उभे राहा. चुलवाणाचा उजेड खालून येतो, त्याने चेहरे फार छान उजळतात. इथे पैसे कोणी मागत नाही, उलट वाटीभर काकवी हातात देतात. आठवड्याने फोटोचा प्रिंट नेऊन द्या. पुढच्या वेळी तुम्हाला कुणी अडवणार नाही.

शुल्क, परवानगी आणि कुठे कॅमेरा काढायचा नाही

अंबाबाईच्या गाभाऱ्यात फोटो नाही. मंदिरात मोबाइल-कॅमेऱ्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे आत जाण्याआधी देवस्थान समितीचा फलक वाचा. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात आत फोटो काढू देत नाहीत. इमारत बाहेरून काढा. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे. हातात धरून साधे फोटो काढायला अडचण नसते, ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते. पन्हाळ्यावरच्या संरक्षित वास्तूंनाही हाच नियम. खिद्रापूरला दुपारी जा. स्वर्गमंडपाच्या उघड्या छतातून ऊन खाली उतरतं आणि भोवतीचे खांब अंधारात राहतात. उजेड-अंधाराची एवढी तफावत घरात बसून शिकता येत नाही.

पन्हाळ्याच्या नाक्यावर पैसे घेतले तर पावती मागा. रिफ्लेक्टर, ट्रायपॉड आणि नटलेली जोडी बरोबर असेल तर तुमचा सराव ‘व्यावसायिक चित्रीकरण’ धरला जाऊ शकतो. तेव्हा आधी विचारून घ्या. दाजीपूरला प्रवेश, गाडी, वाटाड्या आणि कॅमेरा यांचे पैसे वेगवेगळे असू शकतात. गेटवरचा फलक वाचून एकूण आकडा काढा, मगच मित्रांत वाटा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. आणि कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सवर गवा टिपेन या भ्रमात जाऊ नका, फोटोत काळा ठिपका येतो.

पंचगंगेच्या घाटावर आंघोळ करणाऱ्यांवर, विशेषतः बायकांवर, कॅमेरा रोखायचा नाही. तो नुसता असभ्यपणा नाही, गुन्हाही ठरू शकतो.

कॅमेरा घ्यायचाच ठरला, तर

तीन महिने झाले, मोबाइल अपुरा पडतोय हे तुमचं तुम्हाला कळलं, आता दुकानात जा. नवा प्राथमिक डीएसएलआर किट लेन्ससह साधारण ४० ते ५० हजार, मिररलेस ५० ते ७५ हजार. वापरलेला प्राथमिक डीएसएलआर १८ ते २५ हजारांत मिळतो आणि नवशिक्याला तोच योग्य. हे आकडे अंदाजाचे, सणासुदीला खालीवर होतात. पैसे उरले तर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स घ्या. दहा-बारा हजारांत पडते आणि किट लेन्सपेक्षा जास्त शिकवते.

‘दोन लेन्सचं पॅकेज’ नीट बघा. ७५-३०० ही स्वस्त लेन्स गळ्यात मारली जाते. कॅननच्या या लेन्सला हाताचा थरकाप सावरणारी सोय नाही. ५५-२५० आयएस असेल तर चालेल. ‘फ्री’ ट्रायपॉड वाऱ्यात हलतो, त्यासाठी दर वाढवून देऊ नका. यूव्ही फिल्टर, क्लीनिंग किट आणि वाढीव वॉरंटी या तीन गोष्टी बिलात आपोआप चढतात. तिन्ही काढायला सांगा. मेमरी कार्ड नकली निघण्याचं प्रमाण मोठं आहे. घरी आल्याबरोबर ते पूर्ण भरून बघा, शेवटचा फोटो उघडतो का ते तपासा. नाही उघडला तर परत करायची मुदत संपण्याआधी दुकानात जा.

‘एमआरपीवर जीएसटी वेगळा’ असं कुणी म्हटलं तर सरळ नकार द्या. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ हाही सापळा; बिल नाही तर वॉरंटी नाही. वॉरंटी कार्ड कंपनीच्या भारतातल्या शाखेचं आहे ना, आणि कार्डावरचा, बिलावरचा व कॅमेऱ्याच्या तळावरचा क्रमांक एकच आहे ना, काउंटरवरच जुळवा. विनाव्याज हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लपलेला असतो, शिवाय रोखीची सवलत जाते. दोन्ही आकडे कागदावर मांडून बघा.

जुना घेताना उन्हात बघायचा, दुकानाच्या दिव्यात नाही. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून आत डोकवा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. स्वच्छ करून देतो म्हणाले तरी घेऊ नका, काचेवरचा थर खराब झालेला असू शकतो आणि बुरशी परत येते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा रोग फार. किती फोटो काढून झालेत तेही विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो, कॅननच्या लहान मॉडेलमध्ये सहज मिळत नाही. प्राथमिक कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख फोटो टिकतं असं धरा. ७० हजारांच्या पुढे गेलेला कॅमेरा लग्नाच्या सीझनमध्ये राबलेला असतो, भाव निम्मा मागा. मूळ बिलाची प्रत हवीच, नाहीतर चोरीचा माल तुमच्या घरी येईल.

आणल्यावर कपाटात कपड्यांत ठेवायचा नाही. स्वयंपाकघरात असतो तसा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, खर्च तीनेकशे रुपये. पुड्यांचा रंग बदलला की बदला किंवा तापवून सुकवा.

दोन दिवसांचीच गरज असेल तर भाड्याने घ्या. साधा डीएसएलआर दिवसाला पाचशे ते हजार. ‘दिवस’ म्हणजे २४ तास की संध्याकाळपर्यंत, हे आधी विचारा. उशिराचा दंड यातूनच निघतो. मूळ आधार कार्ड तारण ठेवू नका. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते, ती द्या. अनामत रकमेची पावती घ्या आणि कॅमेरा ताब्यात घेताना त्यावरच्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोरच काढा.

क्लास लावावा का?

एका दिवसाची कार्यशाळा पाचशे ते दोन हजार, महिना-दोन महिन्यांचा क्लास पाच ते बारा हजार, हा साधारण अंदाज. पैसे भरण्याआधी विचारा : बॅचमध्ये किती जण? बाहेर किती वेळा नेणार? कॅमेरा तुमचा की त्यांचा? ‘मॉडेल शूट’चे आणि सहलीच्या गाडी-मुक्कामाचे पैसे फीत धरलेत का? जीएसटी धरून किती? एक तास बसू देतात का? पाचव्या प्रश्नाला कुणी चिडलं तर उठून या. प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे देऊ नका, फोटोचं काम देणारा ते बघत नाही. जो शिकवणारा तुमचे फोटो समोर घेऊन त्यातल्या चुका दाखवतो, त्याला पैसे द्यावेत. नुसत्या स्लाइड दाखवणाऱ्याचं काम यूट्यूबवर मराठीतही फुकट मिळतं.

पुण्याच्या एफटीआयआयकडून छायाचित्रणाचे अल्पकालीन अभ्यासक्रम अधूनमधून जाहीर होतात. फी चांगलीच असते आणि वर पुण्यातला मुक्काम. ऑनलाइन वर्ग निघाला तर तो खर्च वाचतो. पहिल्या वर्षी घाई नको.

लग्नाच्या सीझनमध्ये स्टुडिओत असिस्टंट म्हणून जाणं हा सर्वांत स्वस्त क्लास. दिवसभर लाइट धरावी लागते, पण उजेड कुठून मारायचा ते डोळ्यांत बसतं. त्यासाठी तुम्ही पैसे द्यायचे नाहीत. शिकवतो म्हणून कुणी मागितले तर दुसरा स्टुडिओ बघा. सामान पडलं-फुटलं तर भरपाई कुणाची, हे आधीच बोलून घ्या.

प्रिंट मात्र काढाच. चार बाय सहाचा दहा-पंधरा रुपयांना, बारा बाय अठराचा शंभराच्या आसपास. लॅबला सांगा, ‘कलर करेक्शन करू नका’. नाहीतर मशीन तुमची चूक परस्पर दुरुस्त करतं आणि तुम्हाला ती कळतच नाही. पेन ड्राइव्हवर ओरिजिनल फाइल न्या; व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो दाबला जातो, मोठा प्रिंट फुटतो.

दुकानदाराने फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. लागतात बिल, वॉरंटी कार्ड आणि दुकानदाराशी झालेले मेसेज. बिल थर्मल कागदावर असेल तर काही महिन्यांत अक्षरं उडतात. नवा कॅमेरा घरी आणल्यावर पहिला फोटो त्या बिलाचा काढा.