गच्चीवरच्या डिशला गंज चढला, काय करू?

प्रश्न : आमच्या गच्चीवरची डिश कडेने आणि बोल्टपाशी गंजली आहे. रंग दिला तर चित्र बिघडेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बेधडक द्या, फक्त रंग नीट निवडा. डिशवर येणाऱ्या लहरी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. रंगाचा पातळ थर त्यांना अडवत नाही. चकचकीत रंग मात्र टाळा. मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेरीस काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा गुळगुळीत डिश ऊन एलएनबीवर, म्हणजे डिशसमोरच्या लहरी टिपणाऱ्या डबीवर, एकवटते आणि ती डबी तापून बिघडू शकते. म्हणून फिकट राखाडी मॅट रंगच घ्या.

काम एप्रिल-मेमध्ये, वळीव नसलेल्या दिवशी उरका. आधी सेट-टॉप बॉक्स बंद करा. डिश खांबावरून काढू नका. कोन किंचित हलला तरी सिग्नल जातो. एलएनबीचे तोंड आणि केबलचा जोड प्लॅस्टिकने झाका. तारेच्या ब्रशने गंजाचे पापुद्रे काढा, पॉलिश पेपर फिरवा, टर्पेंटाइनने पुसा. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी झिंक फॉस्फेट किंवा रेड ऑक्साइड प्रायमर लावा. तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्या. ओघळ राहू देऊ नका.

गंज बहुतेकदा मागून सुरू होतो. पत्र्याची दुमडलेली कड आणि बोल्टची भोके यांत पाणी साचते, तिथे लहान ब्रशने प्रायमर नीट भरा. बोल्टना ग्रीस लावा. पत्र्याला आरपार भोके पडली असतील, तर रंगावर खर्च न करता डिशच बदला. गच्चीच्या काठावर असाल, तर कुणाला तरी सोबत घ्या.