तावदानं थरथरतात, पण संवाद कळत नाहीत

प्रश्न : आम्ही भिलाईच्या टाउनशिपमध्ये क्वार्टरात राहतो. हॉल बारा बाय चौदाचा. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन चांगले स्पीकर आहेत, साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. सिनेमा लावला की मारामारीत खिडकीची तावदानं थरथरतात, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. दुकानदार म्हणतो, ॲम्प्लिफायर जास्त वॅटचा घ्या. मुलगा म्हणतो, सेंटर स्पीकर घ्या. गणपती मंडळाचा २५० वॅटचा ॲम्प्लिफायर वर्षभर आमच्याच घरी असतो. तो जोडून भागेल का?

उत्तर : तावदानं थरथरतात हे तुम्हीच लिहिलंत. ज्याला तावदानं हलवता येतात त्याला माणसाचा आवाज पेलत नाही, असं कसं होईल? तेव्हा वॅट घटकाभर बाजूला ठेवू आणि संवाद हरवतात कुठे ते पाहू.

हल्लीच्या सिनेमाचा आवाज निदान सहा वेगळ्या वाटांनी येतो : समोर डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि धडधडाटासाठी सबवूफर. यालाच ५.१ म्हणतात. संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाटेवर असतात. थिएटरात पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि मधला स्पीकर पडद्याच्या मागे उभा असतो, म्हणून आवाज नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही. मग टीव्ही तो संवाद अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे वाटून देतो आणि तिथल्या संगीतात, स्फोटात मिसळून टाकतो. एकदा मिसळल्यावर रिमोटने आवाज वाढवाल तर सगळंच वाढणार. त्यात कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर थिएटरच्या हिशेबाने मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं.

यावर अनेकांचा आक्षेप असतो की दोन स्पीकरमधूनही आवाज मधोमध येतोच की! येतो, पण नेमक्या मध्यावर बसलेल्या एकाच माणसाला. दिवाणाच्या टोकाला बसलेल्याला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि मेंदू पहिल्या आलेल्याचीच दिशा खरी मानतो. मध्यावरच्या माणसाचंही सगळं आलबेल नसतं. त्याच्या प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, लांबचा सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा. या उशिरामुळे साधारण २,००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना खातात, आणि व्यंजनं स्पष्ट कळायला नेमका हाच पट्टा लागतो.

मधला स्पीकर ही काही अलीकडच्या कंपन्यांनी काढलेली टूम नव्हे. २७ एप्रिल १९३३ ला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन मायक्रोफोन आणि तीन स्पीकर वापरून. घरात पुढे दोनच आले, कारण स्टिरिओ तबकडीच्या खाचेला भिंती दोनच असतात. सोय म्हणून आलेली गोष्ट आपण नियम समजून बसलो.

आता वॅट. घरगुती स्पीकर साधारणपणे १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. तुम्ही दहा फुटांवर बसता. तिथे अंतरामुळे सुमारे साडेनऊ डेसिबल घटतात, बंद खोली थोडे परत देते. म्हणजे एका वॅटवर ८० च्या जवळपास धरा. घरात संवाद ६५ ते ७० डेसिबलवर छान ऐकू येतात. त्याला वॅटचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो! उरलेली ताकद लागते ती क्षणभराच्या स्फोटांना, आणि तिथे शंभर वॅट १०० डेसिबलपर्यंत नेतात. हॉलसाठी हे भरपूर झालं. शिवाय वॅट दुप्पट केले तर वाढ तीनच डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. दुकानदाराचं ऐकून पन्नासाचे ऐंशी केलेत तर फरक दोन डेसिबलचा, तोही कान देऊन ऐकलात तर.

खोक्यावरच्या आकड्यांचंही सांगून टाकतो. ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असेल तर तो आकडा विसरा. मागच्या पट्टीवर वीज किती खेचतो ते वाचा. ९० वॅट खेचणारं यंत्र सतत ५०० वॅट देऊ शकत नाही. ज्या गावात घरटी एक माणूस स्टील प्लांटमध्ये असतो तिथे हे मी काय समजावणार! चांगल्या कंपन्याही शंभर वॅट म्हणतात तेव्हा कित्येकदा ते एकच स्पीकर चालू ठेवून, ६ ओहमवर, एकाच सुरावर आणि दहा टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेले असतात. खाली बारीक अक्षरात ८ ओहम आणि २० ते २०,००० हर्ट्झ असा दुसरा आकडा शोधा. तो ६०–८० निघाला तरी तुमचं काम झालं.

मंडळाचा ॲम्प्लिफायर मात्र लावू नका. असा ॲम्प्लिफायर बहुधा भोंगे आणि मैदानासाठी केलेला, एकाच वाटेचा असतो. त्यावर ७० किंवा १०० व्होल्टची जोडणी असते, ती ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या स्पीकरांसाठी. घरातला स्पीकर चुकून तिथे जोडलात तर तो जळायला वेळ लागत नाही.

मुलाचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. सेंटर आणला तरी तो लावायचा कुठे? स्टिरिओ ॲम्प्लिफायरला मधली वाट नसतेच. डाव्या-उजव्याच्या तारा एकत्र करून तिसरा स्पीकर जोडला तर ॲम्प्लिफायरच जायचा. त्यासाठी सहा वाटा उलगडणारा एव्ही रिसीव्हर लागतो. तुमचा जुना ॲम्प्लिफायर चांगला असेल तर ‘प्री-आउट’ असलेला रिसीव्हर पाहा. मग डावा-उजवा जुन्यावर चालतात आणि मधला नव्यावर. मागचे स्पीकर आणि सबवूफर पुढच्या दिवाळीला आणले तरी चालतं. ते नाहीत एवढं रिसीव्हरला सांगून ठेवायचं.

सेंटर निवडताना किमतीआधी नातं पाहा. तो तुमच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्याच कंपनीचा, शक्यतो त्याच मालिकेतला असावा. नाहीतर बोलता बोलता पात्र पडद्यावरून सरकलं की आवाजाचा पोत बदलतो. बाजारात बहुतेक सेंटर आडवे असतात, मध्ये ट्वीटर आणि दोन्हीकडे वूफर. दिसायला देखणे, पण बाजूला बसलेल्याला दोन वूफरचे आवाज पुढेमागे पोचतात आणि काही सूर गळतात. ट्वीटरच्या खाली किंवा वर मधल्या सुरांचा वेगळा छोटा स्पीकर असेल तर हा दोष कमी होतो. टीव्हीखाली जागा असेल आणि दुकानदार सुटा देत असेल, तर तुमच्याकडे आहे तसाच तिसरा स्पीकर उभा ठेवणं सगळ्यात उत्तम. दुकानात गाणी लावू नका. बातम्या लावा, आणि बाकाच्या टोकाला बसून ऐका.

घरी आणल्यावर तो कपाटाच्या खणात कोंबू नका, आवाज घुमतो. कडेला आणून तोंड किंचित वर, कानाच्या दिशेला करा. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असेल तर ते बदलून ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’ करा. टीव्हीतला आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या साध्या एआरसी जोडणीवर पीसीएममधून दोनच वाटा जातात, आणि अनेक घरांत सेंटर विकत घेऊनही ५.१ कधी पोचतच नाही. मग सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवा. जुने, एकाच वाटेचा आवाज असलेले मराठी सिनेमे पाहताना रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ निवडा. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज तो मध्ये पाठवतो.

एवढं करूनही मे महिन्यात संवाद कळले नाहीत तर दोष कूलरचा. वारा आणि मोटर मिळून तो सहज संवादाच्या पातळीजवळ जातो. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतीही शब्द पुसट करतात. जाड पडदे लावा, सतरंजी अंथरा. रिसीव्हरच्या डोक्यावर मात्र काही ठेवू नका. तो मुळात तापतो, त्यात भिलाईचा उन्हाळा.

खरेदीला निघण्यापूर्वी सतरंजी, पडदे आणि टीव्हीतला ‘नाइट मोड’ किंवा ‘डायलॉग’ हा पर्याय आठवडाभर वापरून पाहा. संवाद कळू लागले तर पैसे वाचले. नाही तर सेंटर आणि रिसीव्हर एकदमच घ्या.