नैसर्गिक निवड आणि अनुकूलन : हेब्बाळच्या प्रयोगशाळेपासून कापसाच्या बोंडापर्यंत

बेंगळुरूच्या उत्तरेस हेब्बाळ येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. १९९३ मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून ही संस्था सुरू झाली आणि २०१४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. येथे ज्या कीटकांवर दीर्घकाळ काम झाले, त्यांत ट्रायकोग्रामा किलोनिस ही गांधीलमाशीच्या गणातील एक अतिसूक्ष्म माशी आहे. तिची लांबी अर्धा मिलिमीटरही भरत नाही. पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांत ती आपले अंडे घालते, त्यामुळे अळी बाहेर पडण्यापूर्वीच अंड्याचा नाश होतो. ऊस, कापूस आणि भाजीपाला पिकांत लावली जाणारी ट्रायकोकार्डे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत.

या उपयुक्त माशीची एक मोठी अडचण होती. शेतात कार्ड लावल्यावर आठवड्याच्या आत कीटकनाशक फवारले, तर किडीच्या आधी तीच मरत असे. एंडोसल्फान सर्रास वापरात असण्याच्या काळात बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी यावर एक उपाय योजला. माशांच्या मोठ्या समूहाला या रसायनाच्या सौम्य मात्रेस सामोरे जाऊ द्यायचे, जे वाचतील त्यांचीच प्रजा वाढवायची, पुढील पिढ्यांत मात्रा हळूहळू वाढवत न्यायची, असा तो क्रम होता. अनेक पिढ्यांनंतर एंडोसल्फान सहन करणारा प्रभेद तयार झाला आणि त्याला ‘एंडोग्राम’ हे नाव मिळाले. पुढे उच्च तापमान सहन करणारे प्रभेदही याच पद्धतीने विकसित करण्यात आले.

या प्रयोगात एकाही माशीला काही शिकवले गेले नाही आणि एकाही माशीचा स्वभाव बदलला नाही. बदलले ते समूहातील प्रमाण. मूळ समूहात काही माशा रसायन अधिक सहन करणाऱ्या होत्या, तो गुण त्यांच्या संततीत उतरत होता, आणि रसायनाच्या उपस्थितीत त्यांचीच संतती अधिक उरत होती. आनुवंशिक भिन्नता असावी आणि त्या भिन्नतेमुळे संततीच्या संख्येत फरक पडावा, एवढ्यावर निवडीचे चक्र चालू लागते. ट्रायकोग्रामाच्या बाबतीत ते विशेष वेगाने फिरते. तिची पिढी आठ ते दहा दिवसांत पूर्ण होते. शिवाय तिचे नर अफलित अंड्यांतून जन्मतात आणि त्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे अप्रभावी जनुकही नरांमध्ये लपून राहू शकत नाही. ते निवडीच्या थेट समोर येते.

चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा आरंभ दूरच्या बेटांवरील पक्ष्यांपासून न करता पाळीव जनावरे, लागवडीची पिके आणि कबुतरे यांपासून केला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. चांगले कणीस बियाण्यासाठी राखून ठेवणारा शेतकरी जे करतो, तेच निसर्ग हेतूविना करतो, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. हेब्बाळला निवडणारे हात शास्त्रज्ञांचे होते. उघड्या शेतात निवड करणारा कोणी नसतो, तरीही निवड होतच राहते, आणि ती शेतकऱ्याच्या सोयीची असेलच असे नाही.

‘अळीला औषधाची सवय झाली’, ‘अळी औषध पचवू लागली’ असे गावोगाव म्हटले जाते. बोलण्यात हे ठीक असले, तरी त्यातून एक गैरसमज रुजतो. जणू प्रत्येक अळी विषाचा घोट घेत घेत बळकट होते आणि तो बळकटपणा पिलांना देते! प्रत्यक्षात बहुतेक अळ्या मरतात. उरतात त्या मुळातच वेगळ्या असतात. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांना उपद्रव देणाऱ्या माशीबाबत याचा सुंदर पुरावा मिळाला आहे. संग्रहालयांत टाचणीला टोचून ठेवलेल्या, मॅलाथिऑनच्या गटातील कीटकनाशके वापरात येण्यापूर्वीच्या माशांच्या नमुन्यांतही मॅलाथिऑनला प्रतिकार करणारे उत्परिवर्तन आढळले. विष येण्याआधीच प्रतिकार हजर होता, विषाने फक्त त्याला वाव दिला. कीटकनाशकाला प्रतिकार करणाऱ्या किडीची पहिली शास्त्रीय नोंद १९१४ मधील आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील फळबागांत चुना-गंधकाच्या फवाऱ्याला खवले कीड दाद देईनाशी झाली होती.

महाराष्ट्राला याची सर्वांत मोठी किंमत गुलाबी बोंडअळीने मोजायला लावली. या किडीचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले, तेही भडोच परिसरातून पाठवलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती येथील जुनीच रहिवासी. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. त्यातील क्राय१एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट ग्राही प्रथिनांना चिकटते आणि आतड्याची भित्ती फाडते. २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरे प्रथिन जोडलेले वाण आले. काही वर्षे बोंडअळ्या जवळजवळ विस्मरणात गेल्या. मग २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला गुलाबी बोंडअळी जुमानत नसल्याचे जाहीर झाले. पुढील काही वर्षांत दुसरे प्रथिनही निष्प्रभ ठरले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती, आणि सगळा दोष एका अळीवर ढकलणे योग्य नाही. मात्र पिकाचे अंगभूत संरक्षण ढासळले की भार पुन्हा फवारणी पंपावर येतो, हे त्या वर्षाने दाखवले.

प्रतिकारक अळ्यांची जनुके तपासल्यावर दिसले ते असे. क्राय१एसी ज्या ग्राही प्रथिनाला चिकटते, त्या कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड झालेला होता. कुलूपच बदलल्यावर किल्ली चालणार कशी? विशेष म्हणजे भारतीय अळ्यांत हा बिघाड एकाच प्रकारचा नव्हता, अनेक निरनिराळ्या प्रकारचा होता. एकाच पूर्वज अळीपासून सारी प्रतिकारक प्रजा पसरली असती, तर बिघाडही एकच आढळला असता.

त्याच शेतातील दुसरी कीड, हिरवी म्हणजेच अमेरिकन बोंडअळी, याच विषाला तोंड देत होती. तिच्यात मात्र असा व्यापक प्रतिकार शेतात निर्माण झाला नाही. फरक आहे तो अन्नाचा. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कित्येक पिकांवर जगते. तेथे बीटी नसते, म्हणून विषाला बळी पडणारे पतंग दरवर्षी मोठ्या संख्येने तयार होतात आणि कापसातून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी त्यांचा संकर होतो. गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कापसावर जगते, आणि आपल्या भागातील बहुतेक कापूस बीटी झाला होता. तिला निवडीपासून दूर ठेवणारा आसरा कोठेच उरला नव्हता.

बिगर-बीटी आश्रय पिकाच्या ओळींमागील गणितही येथेच उलगडते. समजा, प्रतिकाराचे जनुक हजारात एक आहे आणि ते अप्रभावी आहे. अशा वेळी दोन्ही प्रती असलेली, म्हणजे खरी प्रतिकारक अळी दहा लाखांत एक असते. एकच प्रत असलेल्या अळ्या मात्र हजारात सुमारे दोन असतात, आणि विषाची मात्रा पुरेशी असेल तर त्या मरतात. वाचलेला एखादा पतंग आश्रय पिकातून आलेल्या साध्या पतंगाशी जुळला, तर त्याची सारी संतती एकाच प्रतीची निघते आणि पुन्हा बीटीला बळी पडते. म्हणूनच शेताच्या कडेला पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढे बिगर-बीटी लावण्याची अट होती. बियाण्याच्या पाकिटासोबत त्यासाठी १२० ग्रॅमचे वेगळे पुडके मिळत असे. ते बहुतेक ठिकाणी बांधावरच राहिले. वीस गुंठ्यांचे पीक अळीसाठी सोडा, असे अडीच एकराच्या धन्याला सांगणे सोपे नव्हते, हेही मान्य करायला हवे.

यात भारताची आणखी एक वेगळी परिस्थिती होती. कापूस पिकवणाऱ्या बहुतेक देशांत सरळ वाण लावले जातात, आपल्याकडे संकरित. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते. त्याच्या बोंडातील दर सोळा सरक्यांमागे सरासरी नऊंत दोन्ही प्रथिने, सहांत एकच, आणि एकीत एकही नसते. गुलाबी बोंडअळी नेमकी या सरक्याच खाते. एकाच बोंडात तिला पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि विषमुक्त घास असे सारेच उपलब्ध होते. जनुकाची एकच प्रत असलेल्या अळ्यांना तगून राहण्याची संधी देणारी अशी रचना निवडीला जितकी पोषक, तितकी पिकाला घातक. त्यातच पीक वयस्क होईल तसे प्रथिनांचे प्रमाणही घटते. फरदडीचा कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवला की अळीला आणखी पिढ्या मिळतात, त्याही कमी मात्रेच्या विषावर.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात गोष्ट वेगळी घडली. तेथे शेतकऱ्यांनी बीटी व बिगर-बीटी वाणांच्या संकराचे दुसऱ्या पिढीचे बियाणे लावले. त्यातील चौथाई झाडे पूर्णपणे बिगर-बीटी निघाली. आश्रय पीक म्हणून कोणी ती लावली नव्हती, तरी त्यांनी तेच काम केले आणि प्रतिकारक अळ्यांचे वाढू लागलेले प्रमाण पुन्हा उतरले. अमेरिकेत आश्रय पिके, बीटी कापूस आणि वंध्य पतंग सोडणे यांची जोड देऊन २०१८ मध्ये ही कीड कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

प्रतिकारक गुलाबी बोंडअळी ही नवी प्रजाती ठरते काय, असा प्रश्न काहीजण विचारतात. नाही. तिचे पतंग साध्या पतंगांशी सहज जुळतात, आणि आश्रय पिकाची सारी आशा त्यावरच उभी आहे. प्रजाती फुटण्यासाठी जनुकांची ही देवघेव थांबावी लागते. अमेरिकेत हॉथॉर्नच्या फळांवर जगणाऱ्या एका फळमाशीचा एक गट एकोणिसाव्या शतकात सफरचंदाकडे वळला. सफरचंद आधी पिकते, म्हणून त्या माशा आधी बाहेर पडतात, आणि दोन्ही गटांचे मीलन कमी होत चालले आहे. तेथे फुटण्याची प्रक्रिया अर्ध्या वाटेवर दिसते.

अनुकूलन परिस्थितीशी बांधलेले असते. एंडोग्रामचा गुण एंडोसल्फान असेपर्यंतच कामाचा होता. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रसायनाचे उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी घातली, आणि कष्टाने निवडलेल्या त्या गुणाला शेतात काही काम उरले नाही. प्रयोगशाळेतील सततच्या पैदाशीतही असाच प्रकार संभवतो. तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर डबीतच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माशा डबीला अनुकूल होतात आणि पानावरील यजमान अंडे शोधण्याची त्यांची क्षमता घटू शकते. म्हणून वेळोवेळी शेतातून नवे नमुने आणून मूळ समूहात मिसळले जातात.

गुलाबी बोंडअळीच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामॅटॉइडिया बॅक्ट्री ही माशीही जैविक नियंत्रणासाठी वापरली जाते. तिच्या जोडीला कामगंध सापळे, लवकर तयार होणारे वाण, डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्यांची विल्हेवाट आणि फरदड न घेणे ही शिफारस आहे. हंगामाच्या शेवटच्या पिढीतील अळ्या सरकीत व पडलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत जातात. शेत वेळेत मोकळे झाले तर यांतील बऱ्याच अळ्या पुढच्या हंगामापर्यंत पोहोचत नाहीत. पतंग मात्र एका बांधावर थांबत नाही, त्यामुळे एकट्या शेताने कापूस वेळेत उपटला आणि शेजारी फरदड उभी राहिली, तर जूनमध्ये पेरलेल्या पिकाच्या पहिल्या पात्यांवर अंडी घालणारे पतंग त्या शेजारच्याच शेतातून येतात.